शाळेच्या वेळात मुलांची औषधं: ऑफिसच्या कपाटात, दप्तरात की आजीच्या पिशवीत?

सुदामानगरची_आई

नमस्कार, मी इंदूरची. इथे नेहमी नुसती वाचून जाते, आज लिहायची वेळ आली.

मुलगी दुसरीत आहे. हिवाळ्यात तिला टाइप १ डायबिटीस निघाला. घरी आता घडी बसली आहे. प्रत्येक जेवणाआधी इंजेक्शनच्या पेनने इन्सुलिन, रात्री दिवसभर पुरणारं एक वेगळं. बोट टोचायचं तर तीच मला आठवण करते. अडतं ते शाळेत. आठ ते दोन शाळा, साडेदहाला डब्याची सुट्टी. डब्याआधी शुगर बघायची आणि इन्सुलिन द्यायचं. शाळेचा नियम असा की औषध म्हणून जे काही असेल ते दप्तरात चालणार नाही, ऑफिसातल्या कपाटात कुलपात राहील. आणि सुई तर कपाटातही नाही. "आप आकर लगा दीजिए," एवढंच उत्तर.

मी नोकरीवर, यांचं दुकान सियागंजात. सध्या सासूबाई रोज ऑटोने जातात, गेटवर पास करून घेतात, बाकावर बसून सुई देतात आणि परत येतात. पावसाळा आहे, त्यांचे गुडघे आहेत, किती दिवस चालणार?

दुसरा त्रास वेगळाच. सीबीएसईने २०२५मध्ये शाळांना शुगर बोर्ड लावायला सांगितले ना, कोल्ड्रिंकच्या बाटलीत किती चमचे साखर असते वगैरे दाखवणारे, तसा मोठा बोर्ड आमच्या शाळेत गेटच्या आतच आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण आता वर्गातली मुलं हिला सांगतात की तू चॉकलेटं खाल्लीस म्हणून तुला झालं. मागच्या आठवड्यात पीटीच्या तासाला ती थरथरायला लागली, ग्लुकोजचा डबा काढला, तर सरांनी "पीरियड में खाना नहीं" म्हणून तो ठेवायला लावला. मैत्रिणीने पळत जाऊन क्लास टीचरला सांगितलं म्हणून निभावलं.

तुमच्याकडे कसं चालतं? फक्त डायबिटीस नाही, दमा, फिट, साधा अँटिबायोटिकचा कोर्स, काहीही चालेल. शाळेची नावं मात्र नकोत, मी पण देणार नाही. मुलीला तिथेच शिकायचंय.

पोहे_विदाउट_जलेबी

ताई, माझा मुलगा अकरावीत आहे. चौथीत असताना निघाला होता, त्यामुळे तुमचं प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटलं. जरा लांबलचक लिहितो.

वेळेवर द्यायचं औषध आणि जिवावर बेतल्यावर द्यायचं औषध, या दोन्हींना शाळा एकच नियम लावते. तिथेच सगळं बिघडतं. इन्सुलिन कपाटात राहिलं आणि डबा दहा मिनिटं उशिरा खाल्ला तर आभाळ कोसळत नाही. पण इन्सुलिनमुळे शुगर एकदम उतरली तर लगेच द्यायची साखर कपाटात ठेवून चालणार नाही, कारण ज्यांच्याकडे किल्ली त्या मॅडम नेमक्या त्या दिवशी रजेवर असतात. म्हणून शाळेशी भांडायचंच असेल तर आधी साखरेसाठी भांडा, सुईसाठी नंतर.

शुगर ७०च्या खाली गेली की लो. मोठ्या मुलांना १५ ग्रॅम साखर द्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून कमीच असेल तर परत द्यायची. लहान मुलांना त्याहून कमी लागते, साधारण किलोमागे ०.३ ग्रॅम. तुमच्या डॉक्टरांकडून मुलीचा आकडा चमच्यांत लिहून घ्या. सपाट चहाचा चमचा चार-पाच ग्रॅमचा धरा. ग्लुकोज पावडर, साखरेचं पाणी, ज्यूसचा छोटा पॅक, यांतलं काहीही चालेल. चॉकलेट मात्र नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. मीटर हाताशी नसेल तर मोजायच्या नादी न लागता साखर द्यायची. आणि लो असलेल्या मुलाला "जा, ऑफिसात जाऊन बस" म्हणून एकटं पाठवायचं नाही. हे शाळेत ठासून सांगा, जिन्यात पडतात मुलं. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८. शुगर वाढवणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन असतं, पण ते सगळीकडे सहज मिळत नाही. त्याबद्दल डॉक्टरांनाच विचारा.

आता कागदपत्रं. सीबीएसईने २०१७मध्येच टाइप १च्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळ, सँडविच, पाण्याची छोटी बाटली न्यायची परवानगी दिली. २०२३मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहिलं की अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळचं खाऊ द्या. उत्तर प्रदेश सरकारने त्यावरून शाळांना आदेशही काढला. मी ही दोन्ही छापून नेली होती. ऑफिसात आधी म्हणाले "ये तो यूपी का है भिया". मग आयोगाचं पत्र पुढे केलं. ते सगळ्या राज्यांना होतं.

मुलांच्या बोलण्याचं वाईट वाटतं खरं. टाइप १ खाण्याने होत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. क्लास टीचरने एकदा पाच मिनिटं वर्गात बोलायला हवं, आईने समजावून ते होत नाही.

रामबागी_आजोबा

साखर खाऊ दिली नाही म्हणजे काय? कोण आहे तो पीटी मास्तर?

खडूची_पूड

मी त्याच बाजूची आहे, म्हणजे शिकवते. मार खाणार हे धरूनच लिहितेय.

पीटीच्या सरांचं चुकलं, त्यावर वाद नाही. पण त्यांना कुणी सांगितलं होतं का, हेही विचारा. बहुतेक शाळांत आजाराची माहिती अॅडमिशन फॉर्मवर असते, फॉर्म फाइलमध्ये असतो आणि फाइल ऑफिसात. क्लास टीचरला कळतं, पीटी, डान्स, कॉम्प्युटरवाल्यांना कळत नाही. बदली शिक्षिका आली की सगळंच संपलं.

आता आमच्याकडे काय काय येतं ते ऐका. कागदाच्या पुडीत दोन पांढऱ्या गोळ्या, नाव नाही, मुलगा सांगतो "मम्मी ने बोला लंच के बाद". व्हॉट्सअॅपवर नऊ वाजता मेसेज, "मॅम प्लीज ११ वाजता सिरप द्या". फोन माझ्या लॉकरमध्ये असतो, तो मी दोन वाजता बघते. सकाळी पॅरासिटामॉल देऊन पोरगं व्हॅनमध्ये बसवायचं, अकरा वाजता ते तापाने फणफणतं, मग फोन लावला की आई म्हणते "सुबह तो एकदम ठीक था". एका मुलाचा दम्याचा पंप शेजारच्याने चार-पाच वेळा उडवून बघितला, फुस्स आवाज येतो म्हणून. कपाटाचा नियम याच्यातून आला आहे हो, कुणाच्या वाईटावर नाही.

वर्गात चाळीसच्या वर मुलं असतात. मला लेखी द्या. एक पान, हिंदीत, वर मुलाचा फोटो. काय झालं की काय दिसतं, मी काय द्यायचं, किती, आणि कुणाला फोन. खाली आईवडिलांची सही आणि डॉक्टरांची सही. एवढं असेल तर साखर मी देईन, पंप देईन. इन्सुलिन देणार नाही. डबा अर्धा खाल्ला, अर्धा मैत्रिणीला दिला, यावर युनिट ठरवायचं काम माझं नाही, आणि एक चूक झाली की पेपरात माझा फोटो येईल.

निळा_पंप

खडूताई, शेजारच्याने पंप उडवला म्हणून पंप कपाटात, हे मात्र पटत नाही. मुलाला दम लागलेला असताना वरच्या मजल्यावरून खाली ऑफिसात यायचं का त्याने?

आमचं असं आहे. रोजचा पंप, म्हणजे सूज कमी करणारा, सकाळ-संध्याकाळ घरी. त्याचा शाळेशी संबंधच नाही. दम लागल्यावर घ्यायचा निळा साल्ब्युटामॉलचा दप्तरात, स्पेसरसकट, म्हणजे पंपाला लावायच्या नळीसकट. दुसरा एक जोड शाळेच्या मेडिकल रूममध्ये. स्पेसर मोठा असतो म्हणून पालक नुसता पंप देतात. मग अर्धं औषध जिभेवर आणि घशातच राहतं. पंप हलवायचा, एक फवारा, स्पेसरमधून पाच-सहा श्वास, मग दुसरा. दोन फवारे एकदम नाही. बरेच दिवस वापरला नसेल तर आधी एक-दोन हवेत सोडायचे. किती फवाऱ्यांनंतर हॉस्पिटल गाठायचं ते डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं हवं. मूल एक वाक्यही सलग बोलू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर कागदाची वाट बघू नका.

फळ्याजवळच्या बाकावर बसवू नका हे सांगायला मला दोन पीटीएम (पालकसभा) लागल्या. आणि आमच्या इंदूरच्या स्वच्छतेचं कितीही कौतुक असलं तरी शाळेत झाडू मात्र मुलं वर्गात असतानाच मारतात.

अवांतर: पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघू नका. त्यावरून किती औषध उरलंय ते कळत नाही, उलट नळी चोंदते. उरलेले फवारे दाखवणारा, काउंटरवाला पंप मागा.

रामबागी_आजोबा

माझ्या नातवाला फिट येते. मागच्या वर्षी शाळेत आली तेव्हा त्याला जोडा हुंगवला. कांदा शोधायला शिपाई कँटीनमध्ये धावला. दातात चमचा घालत होते, तेवढ्यात एका नव्या मॅडमने थांबवलं. आता मी स्वतः शाळेत जाऊन सांगून आलो. कुशीवर करा, डोक्याखाली स्वेटर घाला, कॉलर सैल करा, घड्याळ बघा, तोंडात काही नको, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या आत थांबली तर बहुतेक वेळा झोपू द्यायचं, बस. पाच मिनिटांवर गेली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे डॉक्टरांनी दिलाय, तो द्यायचा आणि १०८ला फोन करायचा.

स्प्रे दोन ताकदींत येतो. एकात दर फवाऱ्याला ०.५ मिलिग्रॅम, दुसऱ्यात १.२५. दुकानदाराने एकदा बदलून दिला. किती फवारे मारायचे ते बाटली बघूनच ठरतं, म्हणून नवी बाटली आली की मी कागद नवा करतो.

दवाबाजारवाला

आजोबांचा शेवटचा परिच्छेद सगळ्यांनी परत वाचा. सिरपचंही तेच आहे. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅमवालं येतं आणि २५०वालंही. "एक चमचा द्या" असं डायरीत लिहिलंत तर डोस दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो. मिलिग्रॅम, मिली आणि कोणती बाटली, तिन्ही लिहा. बाटलीसोबतचा मापाचा कप पाठवा. शाळेच्या टेबलाच्या खणात जी पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची पत्ती असते ती ५०० मिलिग्रॅमची असते. २० किलोच्या मुलाला एका वेळी साधारण ३०० पुरतात. दोन डोसांमध्ये चार ते सहा तासांचं अंतर लागतं, आणि घरून किती वाजता दिली हे त्या खणाला माहीत नसतं. म्हणून शाळेला लेखी कळवा की आम्हाला फोन केल्याशिवाय तापाची गोळी देऊ नये.

खोकल्याचं औषध तर दप्तरात अजिबात नको. छिंदवाड्यात २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काय झालं ते आपल्याच राज्यातलं आहे. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मूत्रपिंडं निकामी होऊन लहान लहान मुलं गेली. त्यानंतर केंद्राने पुन्हा सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखाली सहसा देऊ नयेत. दुसरीतल्या मुलालाही पाणी, वाफ, आराम यांवर बहुतेक खोकला उतरतो. तरी गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "कोई भी अच्छा सा सिरप दे दो, स्कूल भेजना है".

अँटिबायोटिक दिवसातून तीनदा असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा की दोनदावालं चालेल का. पुष्कळदा चालतं. नाहीच तर सकाळी निघताना, शाळेतून आल्यावर आणि झोपताना, असं बसवता येतं का ते विचारा. पाणी घालून बनवलेली काही सिरपं फ्रिजमध्येच टिकतात, ती शाळेत नेण्यात अर्थ नाही.

आणि गोळ्या पत्तीतून कापून, पुडीत बांधून पाठवू नका. पत्तीवर नाव आणि तारीख दिसायला हवी. खडूताईंची तक्रार रास्त आहे.

पोहे_विदाउट_जलेबी

एडीएचडीच्या (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) गोळीचंही तसंच. माझ्या भाचीला दुपारची गोळी शाळेत घ्यायला लाज वाटायची, डॉक्टरांनी सकाळी एकदाच घ्यायची, हळूहळू सुटणारी दिली. शाळेतला डोसच बंद झाला.

कोर्टकचेरी

खडूताईंच्या फोटोच्या भीतीबद्दल थोडं. बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी, पालकांच्या संमतीने, सद्भावनेने केलेल्या कृतीला कायद्यात संरक्षण आहे. जुन्या आयपीसीत कलम ८९ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २७ आहे. पालकच गाठ पडले नाहीत आणि प्रसंग तातडीचा आहे, तर कलम ३० बघा. याचा अर्थ निष्काळजीपणा माफ असा नाही. पण लेखी संमती, डॉक्टरांचा कागद आणि त्यात लिहिलं तेवढंच करणं, एवढं असेल तर साखर दिली म्हणून शिक्षिका कोर्टात उभी राहील, असं चित्र रंगवण्यात अर्थ नाही. त्याउलट, कागद हातात असून मुलीला साखर खाऊ दिली नाही, तर शाळेला उत्तर देणं अवघड जाईल.

काही जण इथे गुड समॅरिटनचा कायदा सांगतील. तो रस्त्यावरच्या अपघातांसाठी आहे, इथे ओढू नका.

२०१६च्या दिव्यांग कायद्याच्या यादीत मज्जासंस्थेचे जुनाट आजार आणि रक्ताचे आजार, जसे हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, आहेत. टाइप १ डायबिटीस नाही. त्यामुळे सुदामानगरच्या ताईंना आयोगाचं पत्र आणि सीबीएसईचं परिपत्रक हाच आधार आहे.

झाबुआ_पोस्टिंग

माहेर इंदूरचं, शिकवते झाबुआकडे सरकारी शाळेत. इकडे दप्तरात औषध न्यायची चर्चा होत नाही, कारण पुष्कळांना आजार आहे हेच माहीत नसतं. सिकलसेलची तपासणी आता वाढली आहे, २०२३च्या १ जुलैला शहडोलमधून राष्ट्रीय अभियान सुरू झालं तेव्हापासून. या मुलांना शाळेत लागतं काय, तर हवं तेव्हा पाणी आणि हवं तेव्हा लघवीला जायची परवानगी. पाणी कमी पडलं, उन्हात किंवा थंडीत कवायत झाली की हाडं दुखायला लागतात, रडत बसतात. मी वर्गात सांगून टाकलंय, हिला विचारायची गरज नाही, उठून जायचं. महिन्याभरात निम्मा वर्ग उठून जायला लागला, ते वेगळं. :)

खडूची_पूड

कोर्टकचेरी, ते कलम मी प्रिन्सिपल मॅडमना दाखवणार आहे. आणि निळा_पंप, ठीक आहे, पंप दप्तरात. पण पुढच्या कप्प्यात नको, चेनच्या आतल्या कप्प्यात. मुलाचं नाव मार्करने पंपावर लिहा, टोपणावर नको, टोपण पहिल्या दिवशी हरवतं.

सुदामानगरची_आई

सगळ्यांचे आभार. आज भेट झाली, लगेच लिहितेय.

खडूताईंनी सांगितला तसा एक पानाचा कागद केला, हिंदीत, फोटोसकट. डॉक्टरांनी सही दिली आणि लो शुगरच्या वेळचे चमचे तिच्या वजनाप्रमाणे लिहून दिले. साखरेचं लगेच मान्य झालं. एक डबी दप्तरात, एक क्लास टीचरच्या टेबलात, एक पीटीच्या सरांकडे. सर स्वतः आले होते. म्हणाले, मला माहीतच नव्हतं, वाटलं लपून टॉफी खातेय. आता पीटीच्या आधी तिची शुगर बघायची असं ठरलं. मीटर दप्तरात चालेल. वापरलेल्या लॅन्सेट (बोट टोचायच्या) आणि सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत घालून घरी परत आणायच्या, ही त्यांची अट, मला मान्य आहे.

इन्सुलिनवर गाडी अडली. प्रिन्सिपलनी पत्र वाचलं, कलमही वाचलं, पण शिक्षिकेने सुई द्यायची नाही यावर ठाम राहिल्या. शेवटी असं ठरलं की मुलगी स्वतः पेन लावेल, मेडिकल रूमच्या दीदी समोर उभ्या राहतील, मी व्हिडिओ कॉलवर आकडा बघेन. डब्यात काय, किती आणि त्याला किती युनिट, हे सकाळी मी चिठ्ठीवर लिहून देणार. डबा पूर्ण संपेल असाच देणार. डॉक्टर हो म्हणाले, पण पहिले काही दिवस घरातल्या कुणीतरी तिथे थांबा म्हणाले. म्हणजे सासूबाईंची ऑटो इतक्यात सुटत नाही. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, मी जाईन, पण ती बाकाची जागा गळते तेवढी दुरुस्त करायला सांग.

दोन प्रश्न राहिले. व्हॅनवाल्या भैयाला किती सांगायचं? आणि १० ऑगस्टला शाळेत जंताची गोळी देतात, ती हिला चालेल का?

पोहे_विदाउट_जलेबी

भैयाला एवढंच: झोपली असं वाटलं तर हलवून उठवायचं, उठली तर साखर द्यायची, नाही उठली तर तोंडात काही न घालता १०८ आणि तुम्हाला फोन. आमच्या भैयाने डॅशबोर्डवर ग्लुकोजचा डबा ठेवला होता. तो बाकीच्या पोरांनी संपवला, म्हणून दर महिन्याला नवीन द्यावा लागायचा. द्या.

झाबुआ_पोस्टिंग

ती अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, चावून खायची. त्या दिवशी आजारी असलेल्या किंवा दुसरी औषधं चालू असलेल्या मुलांना आम्ही शाळेत देत नाही. म्हणून १० तारखेच्या आधी डॉक्टरांकडून हो किंवा नाही लिहून घ्या आणि त्याच पानाला पिन करून टाका. ज्यांची राहते त्यांना मॉप-अपच्या दिवशी मिळते, घाई नाही. आठवड्याची लोहाची गोळी मिळत असेल तर तीही त्याच कागदावर विचारून घ्या.

निळा_पंप

आणि एप्रिलमध्ये वर्ग बदलला की कागद नव्या टीचरकडे आपोआप जात नाही. पहिल्याच दिवशी स्वतः नेऊन द्या.